सात नंबरचं झाकण

ओदिल बरोबर बाराच्या ठोक्याला आली. एकोणतीस वर्षं या घरात पाऊल न टाकलेल्या बाईनं निदान दारात घुटमळावं, जरा अवघडावं, अशी गिलेनची अपेक्षा होती. पण ओदिलनं बुटांवरचं बर्फ पायरीवर आपटून झाडलं, कोट काढला आणि न विचारता डावीकडून तिसऱ्या खुंटीला लावला. लहानपणी तीच तिची खुंटी होती.

"खिडकीतलं टेबल रिकामं आहे ना? मला उत्तरेचा उजेड लागेल."

"आधी जेव तरी," गिलेन म्हणाली. "सॉसेज उकळतंय. बटाटे झालेत."

"आधी घड्याळ. पोट भरलं की डोळे आळसावतात."

तुझे डोळे कधी आळसावलेत, असं गिलेनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आज तिला नणंदेची सही हवी होती. ऑक्टोबरात नवऱ्याला, आर्माँला, माती दिली तेव्हा हीच नणंद चार गल्ल्या पलीकडे आपल्या खोलीत कुणाची तरी तबकडी तपासत बसली होती. सख्ख्या भावाच्या मातीला आली नाही. फूल नाही, चिठ्ठी नाही. तिला आज जेवायला बोलवायचं म्हणजे गिलेनला आपला अपमान गिळायचा होता. तिनं तो गिळला आणि मुलाला हाक मारली.

"ब्लेझ, आत्याला वर घेऊन जा."

ब्लेझ कालाम पंचेचाळिशीचा, आता वरच्या कारखान्याचा मालक. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, ओळीनं सहा खिडक्या, आणि खिडक्यांखाली सहा टेबलं. त्यांतली चार कधीचीच रिकामी होती. येत्या मे महिन्यात कारखान्याला शंभर वर्षं पूर्ण होत होती, आणि गावच्या घड्याळ-संग्रहालयानं कालाम घराण्यासाठी एक काचेचं कपाट देऊ केलं होतं. त्या कपाटात मधोमध बसणार होतं ते सात नंबर.

ब्लेझच्या आजोबांनी, नूमा कालाम यांनी, १९५२ साली पहाडातल्या बचाव पथकासाठी बारा घड्याळं केली. काळी तबकडी, अंधारात चमकणारे आकडे. ते आकडे आजीनं, बेर्तनं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रेडियमनं रंगवले. ब्रशला टोक यावं म्हणून ती तो ओठांत धरून फिरवायची. गावातल्या सगळ्याच बायका तेव्हा तसंच करायच्या. एकसष्ट साली ती जबडा सडून गेली. अकरा घड्याळं पथकाकडे गेली होती, सातवं नूमानं स्वतःच्या मनगटावर ठेवलं होतं. आणि चौसष्टच्या नोव्हेंबरात ते या टेबलावरून नाहीसं झालं. चोर कोण हे ठरवायला घराला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. शेजारच्या टेबलावर इटलीतल्या बेर्गामोहून आलेला तुल्यो नावाचा कारागीर बसायचा. ओदिलचं त्याच्याशी लग्न ठरलं होतं.

हे सगळं ब्लेझनं लहानपणापासून तुकड्यातुकड्यांत ऐकलं होतं. आणि आता वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात सदऱ्यांच्या मागे एक पत्र्याची डबी निघाली. डबीत सात नंबर. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी ते म्यूलहाउसच्या जुन्या बाजारात विकत घेतलं. तेरा-चौदा वर्षं झाली." ब्लेझनं विश्वास ठेवला. संग्रहालयाच्या बाई मात्र म्हणाल्या, "अशा पिकून तपकिरी झालेल्या तबकड्या हल्ली कुणीही भट्टीत भाजून काढतं. जुन्या घड्याळांची पारख ओदिल कालाम यांच्याइतकी कुणाला नाही. त्यांची सही आणा, मग लगेच मांडू."

ओदिलनं टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. डोळ्याला भिंग लावलं. घड्याळ हातात घेतलं आणि उजेडाकडे धरून हळूहळू फिरवलं. ब्लेझला वाटलं, ती आता रडेल. तिनं फक्त भिंगावरची वाफ पुसली.

"काच काढते," ती म्हणाली. "ये इकडे, बघ. तुला काय दिसतंय?"

"काळी होती, तपकिरी झालीय. सुंदर दिसतेय."

"सुंदर आहे का हे तुला कुणी विचारलं? कुठे तपकिरी झालीय?"

ब्लेझ वाकला. आकड्यांभोवती रंग जास्त उतरला होता, पिकल्या तंबाखूसारखा. दोन आकड्यांच्या मधे अजून गडद होता. आणि अगदी कडेला, जिथे तबकडी कड्याखाली दबून बसते, तिथे केसाएवढी काळी कुळकुळीत रेघ शिल्लक होती.

"भट्टीत घातलेली तबकडी कडेपर्यंत सारखी होते," ओदिल म्हणाली. "भट्टीला काय कळतं, कुठला भाग झाकलेला आणि कुठला उघडा? चहात बुडवणारे तर त्याहून गाढव. ही आतून जळलीय. आकड्यांतल्या रेडियमनं आजूबाजूचा रंग खाल्लाय. पडदा ओढ."

अंधारात तिनं जांभळा दिवा तबकडीवर धरला आणि विझवला. आकडे मेल्यासारखे पडून राहिले. नवा रंग असता तर दिवा गेल्यावरही बराच वेळ चमकत राहिला असता. मग तिनं पिशवीतलं किरणोत्सर्ग मोजायचं छोटं यंत्र काढून जवळ नेलं, तसं ते कडकड वाजायला लागलं.

"चमकत नाही, पण अजून विष आहे," ती म्हणाली. "आईच्या हातचं आहे हे. चारच्या आकड्याचं पोट बघ, कसं बंद केलंय. ती चार असाच काढायची. वाण्याच्या यादीतसुद्धा."

ब्लेझनं पडदा उघडला. त्याला खरं तर आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. खालून आईच्या पावलांचा आवाज आला. ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"झालं का? खरं आहे ना?"

"थांब," ओदिल म्हणाली. "काटे राहिलेत."

काटे पाच वाजून दहा मिनिटांवर उभे होते. ओदिलनं किल्ली हलकेच बाहेर ओढली आणि काटे पुढे सरकवले. त्यांच्याखाली, तबकडीच्या रंगात, पाच वाजून दहा मिनिटं तशीच उरली. तासकाट्याची सावली, मिनिटकाट्याची सावली, दोन्ही जळून उमटलेल्या. कडा इतक्या स्वच्छ की पट्टीनं आखल्यासारख्या.

ओदिलनं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"गिलेन, म्यूलहाउसला हे कुणाकडून घेतलं म्हणालीस?"

"होता एक म्हातारा. नाव कोण विचारतं बाजारात?"

"चालू होतं तेव्हा?"

"हो तर! मस्त टिकटिक करत होतं. आर्माँ आठवडाभर हातात घालून हिंडला."

"आठवडाभर."

"दहा दिवस असेल. मी काय मोजत बसले होते?"

"गिलेन, काट्यांतही रेडियम आहे," ओदिल अगदी शांतपणे म्हणाली. "काटे फिरत राहिले तर खालचा रंग सगळीकडे सारखा जळतो. एकाच जागी उभे राहिले तर तिथे सावली पडते. अशी सावली पडायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. आणि इथे एकच सावली आहे. पपांच्या मनगटावरून उतरल्यावर हे घड्याळ कुणी चालवलेलं नाही, कुणी हातात घातलेलं नाही. म्यूलहाउसही नाही आणि म्हाताराही नाही. हे एका ड्रॉवरमधे पडून होतं. आणि तो ड्रॉवर मला माहीत आहे."

ब्लेझनं आईकडे पाहिलं. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. खोटं बोलताना पकडली गेली की ते उठायचे, हे त्याला शाळेपासून माहीत होतं.

"आई?"

"खरं आहे की नाही एवढंच तिला विचारलं होतं," गिलेन म्हणाली. "खरं आहे. मग सही कर आणि खाली चला. सॉसेज फुटून जाईल."

"पपा गेले त्या वर्षी मी इथे आले होते," ओदिल ब्लेझला सांगू लागली, जणू गिलेन खोलीत नव्हतीच. "त्यांचं टेबल आवरायला. तुझा बाप आधीच बसला होता. मला पाहिल्याबरोबर त्यानं खालचा ड्रॉवर बंद केला आणि किल्ली खिशात टाकली. मी म्हटलं, आत काय आहे? म्हणाला, काही नाही. त्याचा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं. तेवीस वर्षं मी तुल्योला चोर समजले होते, आणि चोर माझ्यासमोर बसला होता. तोंडावर म्हटलं मी त्याला. पुन्हा या घरात आले नाही."

"गावभर म्हटलंस," गिलेन म्हणाली. "पावाच्या दुकानात म्हटलंस. चर्चच्या पायरीवर म्हटलंस. माणसं त्याच्याकडे दुरुस्तीला घड्याळ देताना दोनदा विचार करायची. त्यानं कधी एक शब्द काढला नाही."

"काय काढणार होता?"

"त्या कपाटाखाली त्याचं नाव लागणार आहे. आर्माँ कालाम यांच्याकडून. मला एवढंच पाहिजे, ओदिल. आयुष्यभर तुझ्यामुळे खाली मान घालून चालला, निदान भिंतीवर तरी त्याचं नाव ताठ लागू दे. म्यूलहाउस राहू दे कागदावर. तुझं काय जातं?"

ब्लेझला एकाच वेळी दोघींचाही राग आला. एकीनं त्याच्याशी खोटं बोलून त्याला आत्याच्या दारात पाठवलं होतं. दुसरी त्याच्या मेलेल्या बापाला त्याच्यासमोर चोर म्हणत होती, तेही बापाच्याच टेबलावर बसून. पण हातातलं काम अर्धवट सोडायची सवय त्याला नव्हती, आणि संग्रहालयाच्या कागदावर शेवटचा रकाना कोराच होता.

"मागचं झाकण राहिलंय," तो म्हणाला. "आतला फोटो मागितलाय त्यांनी."

"काही गरज नाही!" गिलेन इतक्या जोरात ओरडली की दोघंही दचकले. "तबकडी खरी आहे. तिनंच सांगितलं. झाकण कशाला? ब्लेझ, ते घड्याळ इकडे दे."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"आई, आतापर्यंत तू जे सांगितलंस ते खोटं निघालंय."

गिलेनचा हात पुढे आला होता, तो तसाच राहिला. ब्लेझनं घड्याळ उचललं आणि आईच्या नव्हे, आत्याच्या हातात दिलं. आपण कुणाची बाजू घेतली हे त्याला दिल्यावर कळलं.

ओदिलनं झाकण फिरवलं. ते सहज निघालं, तेल घालून बंद केलेल्या झाकणासारखं.

कालामांच्या घरात एक नियम होता. ज्यानं झाकण उघडलं त्यानं बंद करण्याआधी आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि तारीख कोरायची. सगळ्या गावातच घड्याळजी असं करतात, पण इथे ते जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं पाळलं जायचं. ओदिल आठ वर्षांची असताना खूण न करता एक झाकण लावल्याबद्दल तिनं पपांच्या हातची चपराक खाल्ली होती. तिची खूण वर्तुळात टिंब. आर्माँची दोन आडव्या रेघा. पपांची एक छोटं देवदाराचं झाड, तीन फटकाऱ्यांत काढलेलं.

झाकणाच्या आत चार खुणा होत्या. चारही झाडं. ५२, ५६, ६१. आई गेली त्या वर्षाचं एकसष्ट. आणि त्याखाली चौथी: २९.११.६४.

तिनं भिंग पुसून पुन्हा लावलं. दोनदा वाचलं.

घड्याळ नाहीसं झालं तो सोमवार होता, तेवीस तारीख. पंचविसाव्या तारखेला, बुधवारी, पपांनी तुल्योची ट्रंक स्वतः उचलून स्टेशनात नेऊन ठेवली होती. आणि एकोणतीसला रविवार. त्या रविवारी ती वरच्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडली होती. पपा जेवायला उशिरा आले. तिच्या दाराशी थांबून म्हणाले, "आईच्या थडग्यावर गेलो होतो, पोरी. तू खाऊन घे काहीतरी." त्यांच्या हाताला तेलाचा वास येत होता. रविवारी कसलं तेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. तिला तो आता आठवला.

"पपा," ती म्हणाली.

ब्लेझनं तिच्या हातातून झाकण घेतलं, वाचलं आणि खुर्चीवर बसला. "पण चोरीला गेल्यावर सहा दिवसांनी आजोबांची खूण कशी असेल? त्या इटालियनानं परत केलं असेल का?"

"परत केलं असतं तर मरेपर्यंत त्याला चोर कशाला म्हणाले असते?" ओदिल म्हणाली. "त्यांनीच लपवलं. आणि लपवायचं म्हणून ते गंजू नये, यासाठी उघडून साफ केलं, तेल घातलं. आईचं घड्याळ होतं ना. मग झाकण लावताना हात आपोआप सुईकडे गेला. मला चपराक मारली होती त्यांनी. खूण न करता झाकण लावणं त्यांना जमलंच नसतं."

गिलेन दारातून आत आली आणि रिकाम्या टेबलाच्या कडेवर टेकली. तिच्या मानेवरचे चट्टे गेले होते. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि कितीतरी वर्षांनी तिला हलकं वाटत होतं. त्याच हलकेपणाचा तिला रागही येत होता.

"तू बेर्गामोला गेली असतीस," ती म्हणाली. "आईला जाऊन तीनच वर्षं झालेली. तुझ्यासारखा डोळा दुसऱ्या कुणाला नव्हता. या खिडकीत कोण बसलं असतं? त्यांना तू हवी होतीस. म्हणून त्यांनी त्याला चोर केलं."

"आर्माँला कधीपासून माहीत होतं?"

"तू दारात आलीस त्याच्या पाच मिनिटं आधीपासून. ड्रॉवरमधे डबी सापडली, झाकण उघडलं, झाड दिसलं, आणि जिन्यात तुझी पावलं. मग रात्रभर बसला. मी म्हटलं, सांग तिला. ती तुला चोर म्हणून गेलीय, सांग! तर म्हणाला, माझा राग करायला तिला मी आहे, पण प्रेम करायला तिच्याकडे एकटा बापच आहे, तोही मेलेला. तो कशाला काढून घेऊ?"

ओदिलनं झाकण पुन्हा हातात घेतलं. "त्यानं उघडलं होतं म्हणतेस. मग त्याची खूण कुठेय?"

"केली नाही. आयुष्यात एकदाच केली नाही. म्हणाला, ओदिल कधीतरी हे उघडेल, आणि खूण दिसली तर मला माहीत होतं हे तिला कळेल."

खाली स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं. कुणीच उठलं नाही. खिडकीबाहेर समोरच्या छपरावरून बर्फाचा एक तुकडा घसरून रस्त्यावर पडला.

"मी त्याच्या मातीला आले नाही," ओदिल म्हणाली.

"नाही आलीस. आणि आता थडग्यावर फुलं घेऊन जाऊ नकोस. मला चालणार नाही. चार गल्ल्यांवर राहत होता तो. जिवंत होता तेव्हा यायचं होतंस."

ओदिलनं मान हलवली. तिला क्षमा मागायची होती, पण ज्याची मागायची तो नव्हता, आणि समोर बसलेली बाई ती देणार नव्हती. तिनं सुई उचलली. चौथ्या झाडाखाली छोटं वर्तुळ कोरलं, त्यात टिंब, आणि आजची तारीख. मग झाकण बंद केलं.

"कागद दे, ब्लेझ."

"आत्या, काय लिहिणार आहेस?" ब्लेझनं विचारलं. शंभर वर्षांचा सोहळा, कपाटावरच्या पाटीवर आजोबांचा मोठा फोटो. तो छापूनही आला होता. "नुसतं अस्सल आहे एवढं लिही ना. बाकीचं घरात राहू दे. आजोबांचं नाव आहे कारखान्यावर."

"हो, एवढंच लिही," गिलेन म्हणाली. मायलेक पुन्हा एका बाजूला झाले होते. "आर्माँनं एवढी वर्षं झाकलं ते असं उघडं करायला नाही."

"आर्माँनं माझ्यासाठी झाकलं होतं. मला आता ते नको."

ती तिच्या नेहमीच्या बारीक, सरळ अक्षरात लिहायला लागली. तबकडी, काटे, आकडे अस्सल. रंग वयानं उतरलेला, कृत्रिम उपाय केलेले नाहीत. आकडे बेर्त कालाम यांच्या हातचे. आतल्या खुणा नूमा कालाम यांच्या, शेवटची २९ नोव्हेंबर १९६४. त्यानंतर घड्याळ बंद अवस्थेत याच घरात. देणार, आर्माँ कालाम. आणि सहीच्या वर, जिथे ती कधीच काही लिहीत नसे, तिथे एक ओळ: हे घड्याळ कुणीही चोरलेलं नव्हतं.

सही केली. मग दुसरा कागद ओढला आणि तेच सगळं शब्द न शब्द पुन्हा उतरवून काढलं.

"दुसरा कशाला?" ब्लेझनं विचारलं.

तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. पिवळं पडलेलं, इटलीचं तिकीट, चौसष्टच्या डिसेंबरचा शिक्का. आज सात नंबर बघायचं म्हणून मुद्दाम बरोबर आणलं होतं.

"तुल्योनं लिहिलं होतं, मी चोरलं नाही हे तुला पटलंय अशी एक ओळ लिही. बाकी काही मागत नाही. तेव्हा मला पटलं नव्हतं. मग आर्माँवर संशय आला तेव्हा लिहिता आलं असतं. पण माझ्याकडे पुरावा नव्हता. पुराव्याशिवाय मी सही करत नाही." ती हसली, आणि ते हसू पाहून ब्लेझनं नजर दुसरीकडे वळवली. "लोक कौतुक करतात माझं त्यासाठी."

"ओदिल, बावन्न वर्षं झाली," गिलेन म्हणाली. या खोलीत पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला होता. "तो त्या पत्त्यावर नसेल. असेल की नाही, देव जाणे."

"नसेल," ओदिल म्हणाली. तिनं कागदाची घडी एका कोऱ्या पाकिटात घातली, जुन्या पाकिटामागचा पत्ता ब्लेझसमोर धरला आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"तू लिही. माझा हात थरथरतोय."